कुणाच्या पाळीत उतरली

निमगाव केतकीचे सर्जेराव आणि भवानीनगरचे दादासो यांच्या भागीदारीत एक दहाचाकी ट्रक होता. उसाच्या पाण्याला जशी पाळी असते तशीच या ट्रकलाही होती. एक आठवडा याचा, एक त्याचा. बारामती एमआयडीसीतून पशुखाद्याची पोती भरायची आणि गावोगावी टाकायची, हे काम. ड्रायव्हर ठेवायचा नाही असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं, कारण ठेवलेला ड्रायव्हर आपला माणूस आहे की समोरच्याचा, हे कळायला मार्ग नसतो. दोघेही स्वतःच चालवत.

भागीदारीचा नियम एकच होता. गाडी ज्याच्या पाळीत बंद पडेल त्यानं ती दुरुस्त करायची. नियम करताना दोघांनाही तो फार न्याय्य वाटला. पुढे बॅटरी वारंवार उतरायला लागली तेव्हा त्यातली मेख कळली. रविवारी सकाळी दोन्ही गावांच्या मधल्या अंथुर्ण्यात, माऊलीच्या चहाच्या टपरीसमोर, गाडीचा ताबा द्यायचा असे. तोपर्यंत गाडी जिवंत ठेवली म्हणजे झालं; नंतर ती मेली तर समोरच्याच्या पाळीत मेली. म्हणून देणारा माणूस पहाटे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या जमवून, नाहीतर चार माणसं लावून ढकलून गाडी चालू करी, आणि मग अंथुर्ण्यापर्यंत, काही झालं तरी, बंद करीत नसे. ताबासुद्धा चालू इंजिनावरच दिला जाई. सर्जेराव डाव्या दाराकडे सरकत, दादासो उजव्या दाराने चढे आणि गाडी गुरगुरती ठेवण्यासाठी मधल्या एका क्षणाला ॲक्सिलरेटरवर दोघांचेही पाय असत. ही भागीदारी खऱ्या अर्थाने त्या क्षणापुरतीच होती.

"चालू दिली हाय. बगून घ्या, पाव्हणं."

"चालू घेतली हाय, दाजी."

"माऊली साक्षीला हाय."

माऊली कपबशा विसळत म्हणे, "ही गाडी हाय का हरिनाम सप्ताह? कवाच थांबत न्हाय."

दादासो म्हणजे सर्जेरावांचा सख्खा मेहुणा. सर्जेरावांची बायको ठमाबाई त्याची थोरली बहीण. आणि हा ट्रक पोती वाहण्यासाठी घेतला असा दोघांचाही समज असला, तरी तो तसा घेतलेला नव्हता. मागे दादासोच्या धाकट्याच्या जावळाच्या जेवणात सर्जेरावांच्या ताटात रस्सा दुसऱ्यांदा वाढायचा राहून गेला होता. वाढपी पुढच्या पंगतीकडे गेला तो आलाच नाही. सर्जेराव हात धुऊन उठले आणि पुढची काही वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद राहिलं. एका वाटीमुळे ठमाबाईचं माहेर बंद. श्रावणात पंचमीला गल्लीतल्या बायका गाड्या भरभरून माहेरी जात आणि ही दारातल्या पायरीवर डाळिंबाच्या पेट्यांचे कागद घडी घालत बसे. शेवटी तिनेच कधी नवऱ्याच्या कानात, कधी भावाच्या, फोनवरून, सासऱ्याच्या वर्षश्राद्धाला, असं करत करत ट्रकची कल्पना घातली. दोघांनाही ती आपलीच वाटली. दर आठवड्याला दोघांना एकमेकांचं तोंड बघावं लागेल, एवढंच तिला हवं होतं. डिझेलचं काय होतं, भाड्याचं काय होतं, तिला देणंघेणं नव्हतं. गाडी टिकली तर माहेर टिकलं.

आणि गाडी दर सोमवारी मरत होती.

बॅटरी का उतरते यावर दोन्ही गावांत भरपूर विचार झाला. निमगावात नजर लागल्याचं निदान झालं आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरची, काळी बाहुली आणि एक जुनी चप्पल टांगली गेली. भवानीनगरात शास्त्रीय दृष्टी जास्त. तिथे टर्मिनलवर गरम पाणी ओतलं गेलं. मग गाडी बारामतीला एमआयडीसीच्या रस्त्याला शंभूराज वायरमनकडे गेली. शंभूराजचा स्वतःवर फार विश्वास. त्याने आधी टर्मिनल बदलले, मग अर्थिंगची वायर बदलली, मग डायनामो खोलून भरून आणला, मग सेल्फ उतरवून पुन्हा चढवला. प्रत्येक वेळी हात पुसत म्हणाला, "आता नातवाच्या लग्नापतुर बघायचं काम न्हाय." नातू बहुधा त्याच आठवड्यात लग्न उरकत असावा. पुढच्या सोमवारी किल्ली फिरवली की पुन्हा तेच: एक कट्ट आवाज आणि शांतता.

खरं काय झालंय हे सबंध तालुक्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस शंभूराजच होता.

झालं होतं असं. पहिल्यांदा बॅटरी उतरली ती निव्वळ जुनी झाली म्हणून. ट्रकला दोन बॅटऱ्या असतात. दोन्ही नव्या बसवल्या, विषय संपला. पण "कुणाच्या पाळीत उतरली" हा प्रश्न संपला नाही. दादासोला वाटे, दाजी गाडी उभी करून आत पंखा आणि गाणी लावून पडून राहतात. सर्जेरावांना वाटे, मेहुणा गाडी कुणाच्या तरी वरातीला लायटिंगसाठी देतो. आपल्या पाळीत दादासो गुपचूप शंभूराजकडे गेला.

"शंभूराज, एक कॅमेरा बसव. घरी बसून मोबाइलवर दिसला पायजे. दाजी गाडी कशी वापरत्यात ते बगायचं हाय."

"बसवू की."

"कुणाला बोलायचं न्हाय. घे शपथ जेजुरीची."

शंभूराजने जेजुरीची शपथ घेतली आणि काचेच्या वर देवाच्या फोटोला जो प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार होता त्याच्या मधल्या फुलात कॅमेरा बसवला. पुढच्या आठवड्यात सर्जेराव आले.

"सीटखाली एक जुना मोबाइल ठेवायचा हाय. कायम चार्जिंगला. मी फोन लावला की आवाज न करता आपोआप उचलला पायजे. आत काय बोलणं चालतं ते ऐकायचं."

"जमंल."

"आईची शपथ घे."

शंभूराजने आईचीही शपथ घेतली. दोघांचीही अट एकच होती, किल्ली काढली तरी ते यंत्र चालू राहिलं पाहिजे. म्हणून त्याने दोन्ही वायरी मेन स्विचच्या आधी थेट बॅटरीवर घेतल्या. ही यंत्रं एका बॅटरीच्या ताकदीवर चालतात, दोन जोडून दिल्या तर जळतात. म्हणून दोन्ही वायरी आतल्या एकाच बॅटरीवर. एकटा कॅमेरा असता तर तिने सोसला असता, एकटा फोनही सोसला असता. दोघं मिळून गाडी उभी असली की तिला पिऊन टाकत. बाहेरची बॅटरी टवटवीत आणि आतली खलास. मग गाडीही खलास. बॅटरी जितकी उतरे तितका दोघांचा संशय वाढे, आणि संशय वाढला की दोघं जास्त वेळ बघत, जास्त वेळ ऐकत.

यातली एक वायर काढली की रोग निम्मा बरा, हे शंभूराजला कळत होतं. पण दादासोची काढली तर दादासोच्या मोबाइलवर दाजी दिसायचे बंद होणार आणि तो विचारायला येणार. सर्जेरावांची काढली तर सर्जेराव येणार. म्हणून त्या दोन वायरी सोडून त्याने सगळ्या ट्रकची मनापासून दुरुस्ती केली.

श्रावण लागला. दादासोच्या पाळीतल्या सोमवारी, पोती भरलेली गाडी एमआयडीसीतल्या कारखान्याच्या फाटकातच मेली. अर्धी आत, अर्धी बाहेर. मागे ट्रकची रांग, पुढे पाळी सुटलेल्या कामगारांच्या मोटरसायकली, आणि मध्ये दादासो. तिथूनच त्याने फोन लावला. सर्जेराव जेवायला बसले होते. हात खरकटा म्हणून त्यांनी स्पीकर लावला, त्यामुळे ठमाबाईला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"दाजी, मेलेलं मढं गळ्यात बांधलं तुमी माझ्या!"

"चालू दिलीती. माऊलीला इचार."

"माऊली काय मेकॅनिक हाय व्हय? हितं समदी एमआयडीसी मला आईवरनं शिव्या देतीया!"

"त्या तुझ्या पाळीतल्या शिव्या. तुझ्या तू घे."

"विकून टाका ती गाडी! मला न्हाय पायजे भागीदारी आन न्हाय पायजे संबंध!"

"विकली! आजच विकली समज!"

फोन कट झाला. सर्जेरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि फार मोठा व्यवहार केल्यासारखा खाल्ला. पंचमी तोंडावर आली होती आणि ट्रक आल्यापासून दादासो दरवर्षी या सुमारास "आक्का, कवा येऊ न्यायला?" म्हणून फोन करत असे. या वेळचा फोन हा असा झाला होता. ठमाबाईला पुन्हा ती पायरी दिसली, पेट्यांचे कागद दिसले.

तिने दोन दिवस जाऊ दिले. मग नवऱ्याला म्हणाली, "विका की. पण बिघडल्याली गाडी म्हणून विकली तर घेणारा हसंल. एकदा तिघं जाऊन बगू, खोट काय हाय ती. मग खुशाल विका." भावालाही फोनवर हेच सांगितलं. दोघांनाही पटलं, भांडण असलं तरी गाडी पडत्या भावात कुणी का घालवावी?

तिघं एका केबिनमधून बारामतीला निघाली. ठमाबाई मध्ये बसली. तिला वाटलं होतं दोघं रस्ताभर भांडतील आणि काहीतरी बाहेर पडेल. पण दोघं चिडीचूप. दादासो देवाच्या फोटोसमोर ताठ बसला होता. मध्येच त्याने केसांवरून हातसुद्धा फिरवला. सर्जेराव बोलायला तोंड उघडत आणि सीटखाली नजर गेली की मिटत. इतकी शांत माणसं तिने दोन्ही घराण्यांत पाहिली नव्हती.

तिघांना एकत्र उतरताना पाहून शंभूराजच्या हातातला पाना खाली पडला.

"या, या. काकूपण आल्या?"

"गाडीतलं समदं बंद कर," ठमाबाई म्हणाली. "आन मग बग, बॅटरीतनं काय जातंय का."

शंभूराजने लाइट बंद केले, पंखा बंद केला, किल्ली काढली, मेन स्विच पाडला. मग नाइलाजाने मीटर लावला. मीटरचा आकडा काही शून्यावर यायला तयार नव्हता.

"समदं बंद हाय न्हवं?" ठमाबाई.

"बंदच हाय, काकू."

"मग हे कोण पितंय?"

शंभूराजने एकदा दादासोकडे पाहिलं, एकदा सर्जेरावांकडे. जेजुरी आणि आई दोन्ही डोळ्यांपुढे आल्या. "उंदीर," तो म्हणाला. "उंदरांनी वायर कुरतडली की आसं होतं. पशुखाद्याची गाडी ना."

"उंदीरच!" सर्जेराव म्हणाले.

"एक लंबर बोलला! मला पयल्यापसनं वाटतच हुतं, उंदीर!" दादासो म्हणाला.

"केवढाले असत्यात न्हाय का पेंडीवरचे?"

"मांजराएवढे, दाजी! मांजराएवढे!"

ठमाबाईने दोघांकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याचं आणि तिच्या भावाचं आजवर कशावरही एकमत झालं नव्हतं. पाऊस पडतोय की नाही यावरही ते एकदा भांडले होते. आणि आता एका उंदरावर त्यांचं इतकं प्रेम जुळलं होतं की एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचेच बाकी होते. तिने पदर खोचला.

"बॅटरीचं झाकण काढ."

"काकू, हात खराब हुतील."

"काढ म्हणती ना."

शेतात ठिबकची नळी कुठे तुंबली हे ती रोज शोधत असे. पाणी कुठून निघालं ते बघायचं, नळी हाताने चाचपत जायचं, नळी कुठेतरी नेतेच. आतल्या बॅटरीवरून दोन बारीक लाल वायरी निघाल्या होत्या, बाकीच्यांपेक्षा नव्याकोऱ्या. एक तिने बोटात धरली आणि केबिनमध्ये चढली. वायर सीटखाली गेली. तिने सीट उचलली. खाली फडक्यात गुंडाळलेला एक मोबाइल होता.

"ह्यो तर तुमचा जुना फोन," ती नवऱ्याला म्हणाली. "हरवला म्हणून मला नारळ बोलायला लावलावता की हो."

सर्जेराव कारखान्याच्या धुराड्याकडे बघत राहिले. शंभूराज म्हणाला, "मी काय बी बोललो न्हाय," आणि तिथेच फोनचं सगळं सांगून टाकलं.

दादासो पेटला. "दाजी! माझ्यावर पाळत? घरच्या माणसावर? आरं, परक्यानं केलं असतं तर एक येळ..." तो असं बरंच बोलला, आणि फार चांगलं बोलला. पण तोपर्यंत ठमाबाईने दुसरी वायर धरली होती. ती काचेच्या कडेने वर गेली, देवाच्या फोटोमागून फिरली आणि झेंडूच्या हारात शिरली. ठमाबाईने देवाला हात जोडले, मग मधलं फूल उपटलं. फुलाला डोळा होता.

आता दादासोही धुराड्याकडे बघू लागला.

"ह्यो कुणाचा उंदीर?" ठमाबाईने विचारलं.

मग जे भांडण झालं ते ऐकायला शेजारचा टायरवालाही आला. गंमत अशी की डिझेल, भाडं, पंखा, वरात, कशाचाही उल्लेख कुणी केला नाही. इतके महिने पाहून आणि ऐकून तसलं कुणाला काही सापडलंच नव्हतं. जे सापडलं होतं ते वेगळंच होतं.

"आक्का, तुला सांगतो," दादासो म्हणाला, "डॉक्टरनं ह्यास्नी साखर बंद केलीया न्हवं? दर बुधवारी पुडा सोडत्यात जिलेबीचा. पाक हाताला लागला तर देवाच्या फोटोखालच्या फडक्याला पुसत्यात!"

"आन ह्यो!" सर्जेराव उसळले. "ह्यो गाडीत एकटा असला की भाषण करतो! दूध सोसायटीचा चेअरमन झालाय म्हणून! 'उपस्थित बंधू-भगिनींनो' म्हणतो आन टाळ्यांसाठी थांबतो!"

दादासो सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडला होता, आणि भवानीनगरात हे सगळ्यांना माहीत होतं. तो लाल झाला. "तुमी काय कमी? आरशात बगून हातवारे करत कुणाशी तरी भांडत असता! कॅमेऱ्यात आवाज येत न्हाय म्हणून. कोण असतं ते?"

"तूच की! दुसरा कोण?"

"मग? कोण जिकतं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

क्षणभर दोघंही दमले. मग सर्जेराव, ज्यांचा आवाज आतापर्यंत खूप चढला होता, एकदम खालच्या पट्टीत आले. "भाषण कर. तुझं तोंड हाय. पर समद्यांचं आभार मानतोस तू. टँकरवाल्याचं मानतोस. मंडपवाल्याचं मानतोस. त्या मायक्रोफोनवाल्याचं सुदीक नाव घेतोस. मी रोज ऐकतोय, कान लावून ऐकतोय. माझं नाव एकदा न्हाय."

दादासोने मान खाली घातली. "घेणार हुतो, दाजी. शेवटी ठेवलं हुतं. मोठ्या माणसाचं शेवटीच घेत्यात. पर तिथपतुर जातोय तवर अंथुर्णं येतंय आन गाडी तुमाला द्यावी लागती."

टायरवाल्याने शंभूराजकडे पाहिलं. शंभूराजने दोन्ही वायरी कापल्या, टेप लावली, मीटर पुन्हा जोडला. आकडा निमूट शून्यावर आला. "खोट सापडली," तो कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "मी पयल्यापसनं म्हणत हुतो, वायरिंगच हाय."

"तू गप," तिघंही म्हणाली.

"डॉक्टर पेशंटचं दुसऱ्याला सांगतो का, काकू? तसलंच की आमचं."

ठमाबाई गाडीच्या पायरीवर बसली. फोन आणि प्लॅस्टिकचं फूल तिच्या मांडीवर होतं. "आता विकायची न्हवं गाडी?" तिने विचारलं. "विका. उद्याच विका. म्हंजे दादासो निमगावात सांगंल जिलेबीचं, आन आरशाचं. तुमी भवानीनगरात सांगचीला भाषणाचं. संबंध तुटला की कोण कुणाचं झाकून ठेवतंय?"

सर्जेरावांनी विचार केला. निमगावात त्यांना मान होता; तंट्यात त्यांना बोलावलं जाई. आरशाचं कळल्यावर कोण बोलावणार? दादासोनेही विचार केला. सोसायटीची निवडणूक पुढच्या वर्षी होती आणि तो पुन्हा उभा राहणार होता.

"विकायची घाई न्हाय तशी," सर्जेराव म्हणाले.

"आता तर गाडी नीट झालीया," दादासो म्हणाला. "नीट गाडी कोण विकतं, दाजी?"

"आन तू, दाद्या, परवा फोनवर काय म्हणालास? संबंध नगं?"

"ते मी शिव्या खाऊन बोललो, आक्का. फाटकात हुतो."

भागीदाऱ्या विश्वासावर चालतात असं सहकाराच्या सभांतून सांगितलं जातं. ही त्या दिवसापासून पुराव्यावर चालू लागली, आणि बरी चालली. बॅटरी त्यानंतर एकदाही उतरली नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी दादासो रिकामा ट्रक घेऊन निमगावात आला. सर्जेरावांनी त्याला पाटावर बसवून जेवू घातलं, स्वतः दोनदा आमटी वाढली आणि ती आपण दोनदा वाढली हे बोलूनही दाखवलं. ठमाबाई नवं लुगडं नेसून केबिनमध्ये चढली. बसस्टँड मागे पडला, उसाचे फड लागले.

"म्हण आता ते भाषण," ती म्हणाली.

"काय तरीच, आक्का."

"फोन न्हाय, कॅमेरा न्हाय. मीच हाय. म्हण."

दादासोने आरशात मागचा रस्ता पाहिला, घसा साफ केला आणि आवाज लावला. "उपस्थित बंधू-भगिनींनो! आज ह्या पदावर मला बसवताना सर्वप्रथम..." तो थांबला. शेजारून बहीण बघत होती. "सर्वप्रथम मी आमचे दाजी, आदरणीय, ज्येष्ठ मार्गदर्शक, सर्जेराव..."

"आदरणीय ऱ्हाऊ दे," ठमाबाई म्हणाली. "मार्गदर्शक बी काढ. लोकं हसतील. नुसतं दाजी म्हण आन फुडं चल."